भट्टीचा पाहुणा

नव्या सम्राटाचं दुसरं वर्ष. एप्रिल, बाजाराचा आदला दिवस.

लाकडाच्या या पातळ फळ्या शेजारच्या बेल्लिक्काने दिल्या. खेचरवाल्यांचा माल लिहून तिच्याकडे उरल्या होत्या. म्हणाली, "मातू, दिवसभर माझं डोकं खातोस, त्यापेक्षा हिच्यावर लिही. फळी उलटून बोलत नाही."

अक्षरं मला कोणी शिकवली नाहीत. वाटीच्या बुडावर कुंभाराचं नाव उठवायचे ठसे असतात, त्यावरून मी ती उचलली. ठशावर अक्षरं उलटी असतात हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे कित्येक वर्षं माझं लिहिलेलं पाण्यावर धरून प्रतिबिंबात वाचावं लागे. बानोना, माझी बायको, हसून हसून बेजार व्हायची. ती गेली आणि माझी अक्षरं सुलटी झाली. आता हसायला कोणी नाही.

यंदा नार्बो बंदरातून अजून व्यापारी आलेला नाही. गेल्या सालच्या तांबड्या वाट्या आणि ताटल्या छपरीत आढ्याला टेकल्या आहेत. आमच्या दोन नद्यांच्या संगमावर धान्य बेताचंच पिकतं. इथे भांडी पिकतात, आणि ती इतकी की गावाने रोज सकाळी एकेक वाटी दगडावर आपटली तरी सरायची नाहीत. त्या वाट्यांना तोंडं लागतात दूरची. तिकडे उत्तरेला ऱ्हेनुस नदीच्या काठी छावण्यांत शिपाई जेवायला बसतात, म्हणून इकडे आमची चूल पेटते.

काल जेवताना सामो म्हणाला, यंदा मोठी भट्टी पेटली नाही तर तो बायकोला, लितुगेनाला, घेऊन उत्तरेला कामाला जाईल. एकुलता एक मुलगा माझा. मी म्हटलं, पेटेल. तो कांदा सोलत राहिला. सोलून झाल्यावरही सोलत राहिला. मला आता या वयात दोनच गोष्टी हव्यात, भट्टी पेटती असावी आणि सामो या घरात असावा. त्या दोन नाहीत, एकच आहे, हे मला त्या कांद्याकडे बघून कळलं.

एप्रिल, बाजारानंतर

देव आहे. नार्बोच्या एका व्यापाऱ्याचा माणूस आला. नाव क्वार्तिओ. पूर्वी गुलाम होता, आता सुटलाय. बोटात अंगठी आहे, पण भाकरी अजून हाताआड धरून खातो. मला त्याची दया आली. लितुगेनाला सांगून मेंढीच्या दुधाचं चीज जास्तीचं वाढायला लावलं.

त्याला छावण्यांसाठी भट्टीभर माल हवा आहे. अट एकच. भट्टी भरल्यापासून उघडेपर्यंत तो स्वतः इथे बसणार. गेल्या खेपेचा माल वाटेत फार फुटला म्हणे, मालकाला नीट सांगायचंय. मी म्हटलं, बस की. असं आस्थेने बघणारं गिऱ्हाईक मी या जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीचे येतात, वाटीवर टिचकी मारतात, नाक मुरडतात आणि जातात.

दिवसभर तो माझ्या मागे होता. माती कोणत्या टेकाडाची, हौदात किती काळ निवळत ठेवता, वरचा लेप एवढा चकचकीत कशाने होतो, लाकूड पाइनचंच का. मी सगळं सांगितलं. नको ते गाऱ्हाणंही सांगितलं. झाडं सालागणिक डोंगरावर मागे सरकतायत, लाकूड आता लांबून आणावं लागतं. भांडी खेचरांवरून डोंगर उतरून नार्बोला, तिथून गलबतात, मग पुन्हा मोठ्या नदीने उलटी वर. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे भांड्याचं अर्धं आयुष्य वाटेतच जातं की."

किती कळवळा त्या पोराला.

संध्याकाळी बेल्लिक्का पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "तुझा पाहुणा मुलगी बघायला आलाय की घर बघायला?"

मी म्हटलं, काय फरक?

"मुलगी बघणारा तोंडाकडे बघतो. हा भिंती बघतोय."

बेल्लिक्काचा नवरा गेल्यापासून तिला साऱ्या जगाचा वास येतो. मी मनावर घेतलं नाही.

एप्रिल, भट्टी भरताना

कंबर मोडली, पण मन भरलं. रचायचं काम अजून माझंच आहे. भट्टी कोणा एकाची नाही. गावातले सगळे कुंभार आपापली कच्ची भांडी आणतात, मी ती एकावर एक चढवतो. मधल्या थराला सगळ्यांत छान तांबडा रंग येतो, म्हणून मधला थर दर खेपेला वेगळ्या घराला. आणि जे फुटेल ते सगळ्यांचं फुटलं. कोणाची वाटी तडकली ते बघायचं नाही, उरलेल्यातून सगळ्यांना सारखा वाटा.

क्वार्तिओला हे पटेना. चांगल्या कुंभाराने वाईटाचं नुकसान का सोसायचं, म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, खालची वाटी वाईट असली तर वरची चांगली कशावर उभी राहणार? तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. त्याचा मालक एकटाच भट्टीचा धनी असता तर, असं काहीतरी पुटपुटला.

मग त्याने कमरेची दोरी सोडली आणि भट्टीची मापं घेऊ लागला. आतून, बाहेरून, जाळाच्या नळ्यांची सुद्धा. मालकाला सांगायचंय म्हणे केवढी मोठी आहे ती. त्याचा हात पुरेना. म्हणून दोरीचं दुसरं टोक मी धरलं.

दार लिंपल्यावर त्याला पाहुण्याच्या दगडावर बसवलं. भट्टीच्या तोंडाशी तो सपाट दगड आहे. गावचा माणूस त्यावर बसत नाही, कितीही दमला तरी. पाहुणा नसेल तेव्हा त्यावर मांजर बसतं.

एप्रिल

जाळ सरळ चाललाय. पाहुणा दगडावरून हलला नाही. सामो त्याच्याशी बोलत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, याच्यामुळे भट्टी पेटली, तू घरी राहिलास. तो म्हणाला, "हो ना." त्याच्या "हो ना"ची चव कडू लागली.

मे, दुसरा बाजार

भट्टी उघडली. असा रंग गेल्या कित्येक खेपांत आला नव्हता. पिकल्या चेरीसारखा. बेल्लिक्कासुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा.

पण आज घरात भांडण झालं. ते लिहून ठेवतो, कारण माझं चुकलं असं मला वाटत नाही.

आमच्याकडे रीत आहे. जो परका माणूस भट्टी भरल्यापासून उघडेपर्यंत दगडावर बसतो, त्याला जाताना विकाऊ नसलेली एक वस्तू द्यायची. विकाऊ वस्तू दिली तर तो गिऱ्हाईकच राहतो. विकाऊ नसलेली दिली की सोयरा होतो. माझ्या बापाने एका धनगराला आपला चाक फिरवायचा दांडा दिला होता. तो धनगर मरेपर्यंत दर हिवाळ्यात लोकर आणून टाकायचा.

मी क्वार्तिओला माझी जुनी सुरी देत होतो. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, राग येणार नसेल तर, तो सशांचा साचा.

तो बानोनाचा. मोठ्या वाडग्याचा साचा, आतून द्राक्षाची वेल आणि वेलीखाली धावणारे ससे. कच्च्या साच्याच्या आत एक करंगळीएवढा मातीचा ठसा दाबून तिने तो प्रत्येक ससा उठवला होता. ठसा भाजताना त्याचा एक कान उडाला. मी म्हटलं होतं, दुसरा कर. ती म्हणाली, राहू दे, एका कानाने कमी ऐकेल, जास्त धावेल. तेव्हापासून आमच्या घरचे ससे एककानी.

सामोने मला बाहेर बोलावलं.

"बाबा, साचा देऊ नका. घोंगडी द्या, सुरी द्या. साच्यातून वाट्या निघतात."

"पाहुण्याने मागितलं. रीत आहे."

"रीत धनगरासाठी होती."

मी म्हटलं, साचा म्हणजे तुझी आई आहे रे, कळतंय मला. तर तो म्हणाला, "मग तर मुळीच नको. माझ्या लग्नात मी तोच मागितला होता. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, घरच्या माणसाला काय द्यायचं? घरातलं सगळं त्याचंच.

मी आत गेलो आणि साचा दिला. पाहुण्याला नाही म्हटलं तर पुढे कोण या दगडावर बसेल? शिवाय सगळं गेलं असं नाही. सशाचा ठसा माझ्याकडेच आहे. त्याच्या पाठीवर बानोनाच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्यात. तो मी कोणाला देणार नाही.

क्वार्तिओने साचा गवतात गुंडाळला, लेकराला गुंडाळावं तसा. डोळे भरले होते त्याचे. थोडी आमच्या टेकाडाची मातीही घेतली, पिशवीभर. आठवण म्हणून.

मे

खेचरं गेली. डोंगराच्या वळणापर्यंत घंटा ऐकू येत होत्या. सामो घरी आहे. छपरी रिकामी आहे. आणखी काय हवं माणसाला?

ऑक्टोबर

क्वार्तिओ शरद ऋतूत परत येतो म्हणाला होता. घाटात बर्फ लवकर पडलं असेल.

तिसरं वर्ष. जून

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. क्वार्तिओ आला नाही. त्याच्या मालकाचाही कोणी नाही. एक खेचरवाला म्हणाला की छावण्यांतले शिपाई आता भांडी जवळूनच घेतात. मी म्हटलं, जवळून म्हणजे कुठून? तिकडे रानटी लोक, त्यांना चाक कुठे ठाऊक. तो खांदे उडवून निघून गेला.

बेल्लिक्काचा भाचा घर बंद करून गेला. त्याच्या आधी आणखी दोन घरं गेली.

माल अर्धीच भट्टी भरेल एवढा होता. अर्धी भट्टी पेटवता येत नाही, जाळ मोकाट सुटतो आणि सगळंच करपतं. मग जागा भरायला छपरीतल्या न खपलेल्या जुन्या वाट्या मधे रचल्या आणि पुन्हा भाजल्या. एकदा भाजलेल्याला पुन्हा भाजलं. रचताना माझ्या मनात आलं, हे म्हाताऱ्याला न्हाऊ घालून पुन्हा बारशाला बसवण्यासारखं आहे. सामोला सांगितलं. पुष्कळ दिवसांनी तो हसला.

मी त्याला म्हटलं, पुढच्या साली ठीक होईल. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर."

चौथं वर्ष. जुलै, बाजाराचा दिवस

आज जे झालं ते सरळ लिहितो.

लितुगेना बाजारातून आली आणि काही न बोलता पदराखालचं एक वाडगं माझ्या मांडीवर ठेवलं. खाली नदीकाठी एक फिरता विक्रेता स्वस्तात विकत होता. आमच्या गावात भांडी विकायला आला! मी अगोदर हसलोच. म्हटलं, हा माणूस समुद्राला मीठ विकेल.

मग मी ते उलटं-सुलटं केलं. द्राक्षाची वेल होती, वेलीखाली ससे. ससे एककानी.

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहायला हवं. मला आनंद झाला. बानोनाचा ससा एवढं जग धावून परत घरी आला, असं वाटलं. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. आणि बोटाला कळलं, डोळ्याला कळायच्या आधी, की ससा लहान झालाय.

हे कुंभाराला समजवावं लागत नाही. माती वाळताना, भाजताना आखडते. साच्यातून निघालेलं वाडगं साच्याहून लहान. त्या वाडग्यावरून कोणी नवा साचा उतरवला तर तो आणखी लहान, आणि त्यातलं वाडगं त्याहून लहान. हा ससा बानोनाच्या सशाच्या निम्मा होता. म्हणजे एकाने साच्यावरून उतरवला, दुसऱ्याने त्याच्यावरून, तिसऱ्याने त्याच्यावरून. तिकडे एक भट्टी नाही, भट्ट्याच भट्ट्या आहेत. अंगावरची माती फिकट होती, लेप पातळ होता, पण शिपायाला त्यात आमटी खाता येत होती आणि ते वाटेत फुटत नव्हतं, कारण वाटच नव्हती.

दोरीचं दुसरं टोक आठवलं. तळहातात अजून ती आहे असं वाटलं.

बेल्लिक्का आली, वाडगं बघितलं आणि म्हणाली, "कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच म्हणतात. तुझी परतून आली हो." मग माझ्याकडे बघून तिने जीभ चावली आणि शेजारी बसली. पुष्कळ वेळ बसली. जाताना म्हणाली, "तू साचा दिला नसतास तरी त्यांनी एक वाटी विकत घेऊन साचा उतरवलाच असता. एक पायरी वाचली त्यांची, एवढंच."

ती माझ्या समाधानासाठी बोलली की खरं बोलली, मला ठरवता येत नाही.

सामो संध्याकाळी आला. वाडगं कोनाड्यात होतं. त्याने बघितलं, हातात घेतलं, बुडावरचं नाव वाचलं आणि परत ठेवलं. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "जेवून घ्या बाबा, डाळ निवते."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ऑगस्ट

सामो आणि लितुगेना सप्टेंबरात निघणार. उत्तरेच्या त्याच भट्ट्यांवर. त्याने मला तीनदा विचारलं, तुम्ही चला. मी म्हटलं, मी रचणारा आहे. भट्टी इथेच राहते, रचणारा कसा जाईल? खरं म्हणजे बानोना इथल्या टेकाडात आहे, हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून चौथ्यांदा विचारलं नाही.

जायच्या आधी एक भट्टी लावू, तो म्हणाला. गावात उरलेल्यांचा माल, गावाला आणि आसपासच्या शेतांना पुरेल एवढा. मी होकार दिला. आतापर्यंत आम्ही कधी आपल्यापुरतं भाजलं नव्हतं.

सप्टेंबर, भट्टी भरताना

मधला थर बेल्लिक्काच्या घराचा आला, नवऱ्यामागे चाक तीच चालवते. ती म्हणाली, माझा नको, सामोचा ठेव, तो चाललाय. मी म्हटलं, पाळी पाळीनेच. ती म्हणाली, "मेलास तरी नियम सोडणार नाहीस." पण तिच्या आवाजात राग नव्हता. जागा भरायला जुन्या वाट्या घातल्याच.

सप्टेंबर, भट्टी चालू

आज दुपारी मी लाकूड आणायला गेलो. परत आलो तर सामो पाहुण्याच्या दगडावर बसलेला. त्याला भान नव्हतं. कोपर गुडघ्यावर, नजर जाळात. लहानपणी त्यावर चढायचा तेव्हा मीच त्याला दोन फटके दिले होते.

बेल्लिक्का खेकसली, "ए, ऊठ तिथून. ती पाहुण्याची जागा."

तो दचकून उठायला लागला. मी म्हटलं, "बसू दे."

बेल्लिक्काने माझ्याकडे पाहिलं. मग ओढणीने तोंड पुसलं आणि लाकडं रचायला वळली, ती मुळात रचलेलीच होती.

सप्टेंबर, बाजाराचा दिवस

काल भट्टी उघडली. माल बरा निघाला, फुटलं थोडं. ते खापरांच्या खड्ड्यात टाकून आम्ही सगळ्यांनी वाटे केले.

आज सकाळी त्यांचं सामान खेचरावर चढलं. लितुगेना माझ्याजवळ आली. तिने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. आमच्यात तशी रीत नाही. तिला सुचलं तसं तिने केलं.

मी सामोला बाजूला घेतलं आणि चिंधीत गुंडाळलेला सशाचा ठसा त्याच्या पुढे धरला.

तो बघत राहिला. म्हणाला, "हा ठेवा बाबा. घरच्या माणसाला काय द्यायचं, असं तुम्हीच..."

आणि बोलता बोलता थांबला. दगड त्याला आठवला असावा. भट्टी भरल्यापासून उघडेपर्यंत तो गाव सोडून कुठे गेला नव्हता, तेही आठवलं असावं. त्याचा चेहरा लहानपणी फटके खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला.

"तिथे तो त्यांच्याच कामाला येईल," म्हणाला. "त्यांचाच धंदा वाढेल याने."

मी म्हटलं, "येऊ दे. तुझी आई तिथे इतकी लहान झालीय, मला बघवत नाही."

मग त्याने दोन्ही हात पुढे केले, पाहुणे करतात तसे. मी ठसा त्याच्या ओंजळीत ठेवला, अंगठ्याच्या रेषा वर येतील असा.

घंटा वळणापर्यंत ऐकू आल्या.

संध्याकाळी मी दगडावरून मांजर उठवलं आणि तिथलं झाडून घेतलं. ते पुन्हा येऊन बसलं. उत्तरेकडच्या सशाला आता त्या ठशामुळे त्याचं मूळ माप परत मिळेल. कान मात्र एकच.